पोवळ्यांचं सुतक

कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरलं की आमच्या घरात उन्हाळा लागला असं समजायचं, कॅलेंडर काहीही म्हणो. नव्या गवतावर पहिलं पाणी पडतं, पंखा घरघरतो आणि भिजलेल्या गोठ्यासारखा वास खोल्याखोल्यांतून फिरतो. आई पदरानं मान पुसत म्हणते, "आता कसं खरं वाटतंय." यंदाही गवत भरलं, वास आला, आई तेच बोलली. मला मात्र तो उन्हाळा आठवला, ज्यात हा वास आलाच नव्हता. म्हणजे आला असणार. मला आला नव्हता.

मी समुद्राची माणूस आहे. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याची बातमी लग्नाच्या आमंत्रणासारखी दारोदार पोचवली जाते, त्या शहरात राहून मी अर्धं आयुष्य समुद्राखाली घातलं. नातेवाइकांना हे कधी पचलं नाही. मामा लासूर स्टेशनला असतो, कांद्याच्या अडतीवर त्याची उठबस. प्रत्येक लग्नात पंगतीत बसल्या बसल्या तो मला विचारायचा, "काय म्हनतो तुझा समुद्र? थोडा धाड की इकडं. मोंढ्यात टँकर उभा करू." आजूबाजूचे हसायचे, मीही हसायचे. आमच्याकडचा दगड काळा, जमीन काळी, आणि जवळचा मोठा पाणसाठा म्हणजे धरण. त्यात पोवळं कुठून येणार?

पोवळं आमच्या घरात आलं ते वेगळ्याच वाटेनं. माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. मी कॉलेजात असताना वडील गेले, आणि त्यानंतर माझ्या लग्नाची काळजी आईनं एकटीनं वाहिली. कुणीतरी सांगितलं, पोवळं घाला बोटात, मंगळ निवतो. आई सराफ्यात गेली आणि डाळीच्या दाण्याएवढं लाल पोवळं चांदीत मढवून घेऊन आली. तोवर मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षात होते आणि पोवळं हा खडा नसून प्राणी आहे, हे नवं नवं शिकले होते. मी म्हटलं, आई, हा मेलेल्या जिवाचा सांगाडा आहे, मी बोटात घालणार नाही. आई म्हणाली, "मग मोत्याचं काय असतं? अन् शंखाचं? देवापुढं शंख ठिवतोच ना आपण?" अंगठी देवघरात गेली आणि लग्न राहून गेलं. मी मात्र त्या खड्याच्या मागे मागे थेट समुद्रात उतरले. पुढे कॉलेजात शिकवताना माझे शोधनिबंध छापून यायला लागले, अर्धे समुद्रातल्या पोवळ्यांवर आणि अर्धे आकाशातल्या चंद्रावर, तेव्हा विभागाच्या बैठकीत एका वरिष्ठांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमक्या आहात कुठे? पाण्यात की आभाळात?" मी म्हटलं, मधे, जमिनीवर. पण खरं सांगायचं तर पोवळ्याचा आणि ग्रहांचा संबंध आईला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

तर तो उन्हाळा. लक्षद्वीपच्या एका बेटाशेजारी, कंबरभर पाण्यापासून पुढे खोल उतरत जाणारं एक प्रवाळांचं रान होतं. मी दर वर्षी तिथे जायचे. तळाशी काही चौकटी आखून ठेवल्या होत्या, त्यांतल्या प्रत्येक पोवळ्याशी माझी ओळख होती. कुणी फुलकोबीसारखं, कुणी सांबरशिंगासारखं, कुणी नुसताच ढब्बू गोळा. गेल्या वर्षीपेक्षा कोण किती वाढलं, कुणाला माशांनी कुरतडलं, कोण कुणाला ढकलून पुढे सरकलं, हे बघायचं, फोटो काढायचे आणि वर यायचं. खेड्यातला तलाठी शेतं बघत फिरतो, तसं माझं काम. त्या वर्षी पाण्यात उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते ऊन. पाण्याखाली ऊन लागत होतं. मग खाली नजर गेली. सगळं रान पांढरं झालं होतं. चुना मारल्यासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि त्या पांढऱ्यावरून मासे फिरत होते, काही झालंच नाही असे.

मी चौकटी मोजल्या, फोटो काढले. हात नेहमीसारखे चालत होते. बोटीत येऊन बसल्यावर नावाड्यानं शहाळं सोलून दिलं, ते प्यायले. शहाळ्याचं पाणी गोड असतं हे मला माहीत होतं, म्हणून गोड म्हटलं.

घरी आले तेव्हा इथे उन्हाळा ऐन भरात होता. दुपारचे रस्ते ओस, लिंबाचा फुलोरा अंगणभर पडलेला, गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. मला काहीच वाटत नव्हतं. लोकांना वाटतं हे दुःखाचंच नाव आहे, पण तसं नाही. दुःखाला निदान तोंड असतं, ते कशावर तरी येऊन आदळतं. हे म्हणजे दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो तसं होतं. आपलाच आहे, पण चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याचा. मी जेवत होते, झोपत होते, कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होते. मुलांच्या चुका मला दिसत होत्या आणि राग येत नव्हता.

हे आईच्या लक्षात आलं ते ताटावरून. ती रोज विचारायची, "मीठ हाय का बरोबर?" मी म्हणायचे, बरोबर आहे. एकदा तिनं मुद्दाम वरणात मीठच घातलं नाही. "मीठ हाय का बरोबर?" "बरोबर आहे." तिनं माझ्या ताटातलं वरण उचलून आत नेलं, मीठ घालून परत आणून वाढलं आणि माझ्यासमोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया उलथताना तिनं हे शेजारच्या शमीमखालांना सांगितलं. आमच्या दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढा कठडा आहे आणि गेली कित्येक वर्षं या कॉलनीचा सगळा कारभार त्या कठड्यावरूनच चालतो. आई मन मोकळं करायला लागली की मधलं सगळं गाळून थेट शेवटावर येते. तिनं सांगितलं, "पोरीचं सगळं गेलं ओ. इतक्या वर्सांचं. एकाला बी रंग ऱ्हायला नाय, पांढरंफट्ट. अन् तिच्या डोळ्यात टिपूस नाय." एवढं सांगून ती खाली आली, कारण नळाला पाणी आलं होतं.

दुपारी शमीमखाला आल्या. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, हातात तीन पुडांचा पितळी डबा. डबा ओट्यावर ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला. कोण गेलं, कसं गेलं, काही विचारलं नाही. अशा घरात विचारत नसतात. नुसतं म्हणाल्या, "सबर कर बेटा. अल्ला सबर देता." मला वाटलं त्यांच्याच घरी काही झालंय. म्हणून मीही त्यांचा हात दाबला. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींचं सांत्वन करत बसलो होतो. मग आई पाण्याच्या बादल्या भरून आत आली आणि डबा बघून दारातच थबकली. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही आणि शेजारचं जेवण येतं. हिंदूचं घर असो की मुसलमानाचं, हे सगळीकडे सारखंच. आई घाबरून म्हणाली, "काय झालं? कोन गेलं?"

"तुमीच तो बोले ना आज सुबू, गच्ची पे!" खाला म्हणाल्या.

मग सगळा उलगडा झाला. आई कपाळावर हात मारून हसली, मग हसू गिळलं. मी खालांना समजावून सांगितलं: माणूस नाही गेलं, समुद्रातली पोवळी पांढरी पडलीत. मला वाटलं खाला आता उठतील, थोड्या ओशाळतील, डबा परत नेतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जानदार थे ना वो?"

"होते. म्हणजे आहेत, खाला. अजून मेले नसतील बहुतेक."

"तो फिर? जान तो जान है. खिचड़ी खा ले, ठंडी हो रई."

डब्यात खिचडी होती आणि चिंचेचा खट्टा. आम्ही तिघींनी मिळून खाल्ली. खट्टा आंबट होता असं आई म्हणाली.

अडचण झाली ती त्यानंतर. आमच्या घरी शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण दुखवट्याचा डबा आला तर तो मात्र घासून रिकामाच द्यायचा, त्यात दाणाही टाकायचा नाही. नाही तर आपलं दुःख त्यांच्या घरात जातं, असं आईचं म्हणणं. डबा घासून फळीवर पालथा पडला आणि आई पेचात पडली. हा डबा कसला? शेजारधर्माचा की सुतकाचा? दोन दिवसांनी तिनं तो प्रश्न माझ्यावरच टाकला. "तूच सांग. तुझे जीव मेले असतील तर रिकामा देऊ. मेले नसतील तर भरून देऊ. शंकरपाळे करते मी."

माझाही तोच तर प्रश्न होता. पोवळ्याच्या अंगात अगदी बारीक वनस्पतीसारखे जीव भाड्यानं राहतात. तेच त्याला खाऊ घालतात आणि रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की भाडेकरू घर सोडतात. पोवळ्याचं अंग काचेसारखं, त्यामुळे आतलं पांढरं हाड दिसायला लागतं. पांढरं म्हणजे मेलेलं नाही. पांढरं म्हणजे उपाशी. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो, नाही तर वर शेवाळ धरतं आणि मग संपलं. मी आईला हे सांगितलं. ती ऐकत होती. "मंजी धुगधुगी हाय," ती म्हणाली. "मग पावसाळ्यापस्तोर ऱ्हाऊ दे डबा."

संध्याकाळी देवघरात दिवा लावायला गेले तर तिथे एका वाटीत पाणी आणि पाण्यात ती मंगळाची अंगठी. मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, "मिठाचं पानी हाय. त्याला बी उन्हाळा लागत असंल." पुढचे कित्येक आठवडे, नळ आला नाही त्या दिवशीसुद्धा, ती त्या वाटीतलं पाणी बदलत होती. पिण्याच्या हंड्यातलं. त्या वेळी मी ते बघितलं आणि बाजूला झाले.

पाऊस संपल्यावर मी पुन्हा त्या बेटावर गेले. पाणी निवलं होतं, पण उशिरा. चौकटींवर मळकट हिरवं शेवाळ चढलं होतं. सांबरशिंगं मोडून पडली होती. एका खडकाच्या वळचणीला, जिथे थेट ऊन पोचत नव्हतं, तिथे ढब्बू गोळ्यांपैकी एकाच्या बुडाशी थोडा तपकिरी रंग दिसला. मी त्याचा फोटो काढला. तो रंग परत आलेला होता की गेलाच नव्हता, ते मला कळलं नाही. घरी आले तेव्हा आई दारातच म्हणाली, "मग?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. तिनं डब्याकडे बघितलं. डबा फळीवरच राहिला. खालांनीही कधी मागितला नाही.

त्या पांढऱ्या रानावर मी जो निबंध लिहिला, तो माझ्या सगळ्या कामात लोकांनी सर्वांत जास्त वाचलेला. कुठून कुठून अभिनंदनं आली. विभागात पेढे मागितले, मी आणले. कसे होते ते मला विचारू नका. एखाद्यानं आपल्याच घरच्या मयतीची बातमी इतकी नेटकी लिहावी की लोकांनी शाबासकी द्यावी, असं काहीसं ते होतं.

नंतर मी पाण्यात उतरले नाही. फोटो काढायला विद्यार्थी जातात, मी इथे बसून ते बघते. आकाशाकडे वळले तीही पोवळ्यांच्याच वाटेनं, फक्त ही पोवळी दगड झालेली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वीची, परदेशातल्या वाळवंटातून आलेली. त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की बारीक बारीक रेघा दिसतात. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात, पोवळ्यात दिवसही मोजता येतात. रोज एक रेघ. आणि त्या जुन्या पोवळ्यांच्या एका वर्षात आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त दिवस भरतात. म्हणजे तेव्हा पृथ्वी भराभर फिरायची आणि दिवस तोकडा असायचा. चंद्र भरती-ओहोटीनं तिला ओढत ओढत हळू करत आलाय. हे काम मला मानवलं. मेलेल्यांचा अभ्यास बरा असतो. ते पुन्हा मरत नाहीत.

कॉलनीत मात्र मी ग्रह-ताऱ्यांचं काही करते एवढंच पसरलं आणि चार बायका पत्रिका घेऊन आल्या. मी काय करते ते खरं समजून घेतलं ते एकट्या चाचांनी. चाचा म्हणजे शमीमखालांचे नवरे. औरंगपुऱ्यात जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल एवढं. एकदा रिक्षा मिळेना म्हणून मी तिथे टेकले, तेव्हा डोळ्याचं भिंग न काढता त्यांनी विचारलं, "मतलब दिन लंबा हो रहा क्या?"

"हो चाचा. पण इतकं सावकाश, की आपल्याला कळणार नाही."

चाचा खूश झाले. नंतर कळलं की हे ते गिऱ्हाइकांना ऐकवतात. कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, "घड़ी बरोबर है मियां. जमीनच सुस्त हो गई. हमारे पड़ोस की मॅडम कू पूछो." मला त्याचं हसू यायचं. चेहऱ्यावर यायचं.

यंदा कूलरचं गवत भरून चार-सहा दिवस झाले असतील. चाचा दुकानातून दुपारी जेवायला घरी आले, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत बसल्या जागी गेले. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. पुढचं सगळं अशा वेळी होतं तसं झालं, माणसं आली, फोन गेले, दुबईहून मुलगा निघाला, तो पोचल्यावर चाचांना नेलं. बायका आत कुराण पठण करत होत्या.

आई घरी परतली ती सरळ चुलीशी. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. मग डबा शोधायला लागली. आमचे सगळे डबे कुठल्या कुठल्या घरी गेलेले. तिनं वर पाहिलं. फळीवर तो पितळी डबा पालथा होता. तिनं तो उतरवला, पुसला, आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं भरला. एवढ्या वर्षांनी तो डबा त्यांच्या घरी भरून चालला होता, आणि भरलेला असूनही तो दुखवट्याचाच होता. शंकरपाळ्यांची वेळ कधी आलीच नाही.

मी घेऊन गेले. खाला आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासरहून आलेली लेक त्यांच्यासमोर ताट सारून सारून थकली होती. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी झाकणावरून हात फिरवला, कडीपाशी एक पोचा आहे तिथे बोट थांबलं. भांडं ओळखीचं निघालं. मग माझ्याकडे बघून, आवाज पार बसलेला होता, त्यांनी विचारलं, "तेरे समंदर का क्या हुआ रे? रंग आया?"

ज्या दिवशी त्यांचा माणूस मातीत गेला, त्या दिवशी त्यांना माझा समुद्र आठवला. विद्यार्थ्यांचे गेल्या महिन्यातले फोटो माझ्याकडे होते. वळचणीचा तो गोळा आता हाताच्या पंज्याएवढा तपकिरी झालाय. बाकी रान शेवाळाचंच आहे, आणि पाणी यंदा पुन्हा तापतंय.

"एका कोपऱ्यात आलाय, खाला. थोडासाच."

"थोड़ा तो थोड़ा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी वाढलं. त्या नकोच म्हणत होत्या, म्हणून माझ्यासाठीही वाढून घेतलं आणि समोर बसले. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, यंत्रासारखा. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. आई चाळीस-पन्नास वर्षं पिठलं करतेय, तिचा हात कधी चुकत नाही. आज चुकला होता. पिठलं पार अळणी होतं.

"खाला, मीठ नाही यात."

त्यांनी हातातल्या घासाकडे पाहिलं. "नई क्या?" त्या म्हणाल्या. "मेरेकू तो पताइच नई चला."

मी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी कुठे असते हे मला ठाऊक होतं. पिठल्यात मीठ कालवलं, बोटानं चव घेऊन बघितली, आणखी थोडं घातलं. डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत. मग ताट परत आणून खालांपुढे ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.